फाइव्ह-इन-वन घेण्याआधी

मृगाच्या तोंडावर रोपवाटिकांत गर्दी उसळते आणि त्याच सुमारास मोबाइलवर बागेच्या अवजारांच्या जाहिरातीही उगवू लागतात. एकाच मुठीत चाकू, करवत, कात्री, खुरपी आणि वर बाटलीचं झाकण उघडायची सोय! जाहिरातीतला माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून माती उकरतो आणि शर्टाला डाग म्हणून पडत नाही. मग ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते : हे एक घेतलं की बाकीचं काही नको ना?

उत्तर आधीच देऊन टाकतो. बाग कुंड्यांची असेल, तर एक चांगलं अवजार तीन-चार अवजारांचं काम खरोखर उरकतं. बाग जमिनीवरची असेल, तर नाही. आणि फांद्या छाटायचं काम मात्र त्याच्यावर कधीच सोपवू नका, मग बाग कुठलीही असो. आता कारणं सांगतो, म्हणजे दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकणार नाही.

बहुउपयोगी म्हणून जे विकतात त्यात दोन अगदी निराळ्या जाती आहेत. एक जात एकसंध पात्याची. पातं एक, मूठ एक, मधे सांधा नाही. तेच पातं आपण कधी टोकाने, कधी धारेने, कधी आडवं धरून वापरतो. दुसरी जात घडीची. तिच्यात चार-पाच छोटी अवजारं एका मुठीत दुमडून बसवलेली असतात आणि सगळी मदार एका खिळ्यावर आणि स्प्रिंगवर असते. दोन्हींच्या खोक्यावर मजकूर सारखाच असतो, म्हणून घोटाळा होतो.

पहिल्या जातीचं अवजार आपल्याकडे मुळात आहेच : खुरपं. भांगलायला बसलेल्या बाईचा हात एकदा नीट बघा. शेतावरचं ते वाकडं पातं ती आपल्याकडे ओढत असते. तण मुळापाशी कापलं जातं आणि त्याच ओढीत वरची माती भुसभुशीत होते. रोपाच्या अगदी जवळ आली की ती धार बाजूला ठेवते आणि नुसत्या टोकाने काम करते. ढेकूळ आलं तर पात्याच्या पाठीने ठेचते. मिरचीचं एखादं रोप कलंडलेलं दिसलं, तर पातं आडवं धरून बुंध्याशी मातीची भर लावते. दिवस मावळला की त्याच खुरप्याने बांधावरचं गवत कापून भारा बांधते. ही पाच कामं पाच अवजारांत वाटून दिली, तर तिचं निम्मं आयुष्य अवजारं शोधण्यातच जाईल. तेव्हा 'एक अवजार अनेक कामं' या कल्पनेला नाक मुरडण्याचं आपल्याला काही कारण नाही.

जपानचं होरी-होरी हेही याच जातीचं. डोंगरातली रानरोपं मुळासकट काढण्यासाठी ते तिथे वापरात आलं. सतरा-अठरा सेंटिमीटरचं किंचित खोलगट पातं, एका कडेला धार, दुसऱ्या कडेला करवतीचे दात, लाकडी मूठ आणि कमरेला अडकवायचं म्यान. अमेरिका-युरोपातल्या बागकामवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतं. परदेशातून सुट्टीला येणारी भाची-पुतणी भेट म्हणून आणणार असेल, तर मोठ्या बॅगेत टाकायला सांगा. हातातल्या पिशवीत ठेवलं तर विमानतळावरच राहील. बऱ्याच पात्यांवर इंचांच्या खुणा असतात आणि त्या बघून लोक हरखतात. थंड मुलखात ट्यूलिप-डॅफोडिलचे कंद हिवाळ्याआधी सहा-सहा इंच खोल पुरावे लागतात, तिथे त्या खुणा कामाच्या. आपल्या लसणाला, हळदीला, निशिगंधाला बोटांचं माप पुरतं. खुणांपायी जास्त पैसे मोजू नका.

कुंडीत मात्र असं अरुंद, जाड पातं खरोखर कामाला येतं. लव्हाळ्याचंच घ्या. वर दिसते ती तीन कडांची काडी. ओढली की काडी हातात येते, गाठ खाली राहते आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी नवे कोंब वर येतात. रुंद खुरपी घालावी, तर गाठीआधी शेजारच्या मोगऱ्याची मुळं तुटतात. अरुंद पातं काडीला लागून सरळ खाली घाला. वीतभर नको, सहा बोटं बस्स. मग मूठ सावकाश मागे दाबा. माती किंचित उचलली गेली की काडीला धरून वर घ्या. खाली काळपट गाठ दिसेल. तिच्यातून दोऱ्यासारखी मुळी निघालेली असते आणि त्या मुळीला पुढे दुसरी गाठ, कधी तिसरीही. ही माळ अख्खी निघाली तरच काम झालं. तुटली, तर राहिलेली गाठ बोटांनी शोधून काढा, आणि निघालेल्या गाठी कंपोस्टच्या डब्यात चुकूनही टाकू नका. तिथेही त्या जगतात.

कुंडी बदलतानाही तेच पातं. आतल्या कडेने एकदा फिरवलं की मुळांचा गड्डा सुटा होतो. तळाशी गोल गोल गुंडाळलेली मुळं दातांच्या कडेने कापता येतात. खताची गोणी फोडा, सुतळी तोडा, रोपापुरता खड्डा घ्या. हातखुरपी, तण काढायचा काटा, कंद लावायचं नळकांडं आणि एक जुना चाकू, एवढ्यांना त्यामुळे खुशाल सुट्टी द्या. एक सावधगिरी मात्र हवी. दोन्ही कडांना धार असलेली वस्तू मातीत खुपसून ठेवायची सवय लावून घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर काम झालं की लगेच म्यानात.

आणि कोकोपीट-गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात दहा-बारा कुंड्या असतील, तर खरं सांगायचं तर एवढंही पोलाद लागत नाही. स्वयंपाकघरातला जुना डाव पुरतो. हे दुकानदार तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

जमिनीवर उतरलात की गणित बदलतं, आणि ते बदलते माती. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि भर पावसात पात्याला अशी चिकटते की अवजार कुठलं आणि चिखलाचा गोळा कुठला ते कळू नये. तिथे अवजारापेक्षा वाफसा महत्त्वाचा. मातीची मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, असा दिवस साधला तर साधं खुरपंही लोण्यासारखं चालतं. तो चुकला तर जपानचं पोलादही हात टेकतं. कोकणात जांभा लागला की पहारीशिवाय इलाज नाही. पुण्या-नगरकडच्या नव्या वसाहतींत बंगल्याभोवती वर चार बोटं विकतची लाल माती आणि खाली मुरूम असतो. तिथे नाजूक पातं घालून मूठ दाबाल तर मान वाकलीच म्हणून समजा.

कुदळ माणसाच्या जोरावर कमी आणि स्वतःच्या वजनावर जास्त चालते. आपण ती उचलायची, खाली ती आपल्या भाराने येते. म्हणून जड कुदळ उचलताना दम लागला, तरी खणताना तीच सोपी जाते. घडीच्या फावड्यात हाच भार काढून टाकलेला असतो, कारण ते मुळात सैनिकाने पाठीवर वाहून न्यायला घडवलेलं आहे. त्याच्या एका बाजूला छोटा टिकाव असतो, दुसऱ्या बाजूला करवत, पोकळ दांड्यात काड्यापेटीसुद्धा असते. पण आंब्याच्या कलमाला मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा सांगतात. तो त्या फावड्याने खणायला बसलात, तर दुपारपर्यंत हाताला फोड येतील आणि सांधा खुळखुळायला लागेल.

म्हणजे जोडण्या बदलायची अवजारं सगळीच टाकाऊ का? तसं नाही. आपल्याकडचं सायकल कोळपं बघा. जुन्या सायकलचं चाक, त्याला लोखंडी सांगाडा, मागे धरायला दोन मुठी. खाली कधी सपाट पातं लावा, कधी दाते, कधी सरी ओढायला छोटा फाळ. गुंठा-दोन गुंठ्यांच्या परसबागेत ओळीने भाजी लावली असेल, तर या एका अवजारासारखं दुसरं नाही. उभ्याने काम होतं, कंबर मोडत नाही. ते टिकतं त्याला दोन कारणं. जोडण्या बदलल्या तरी काम एकाच तऱ्हेचं राहतं, म्हणजे मातीतून ढकलत न्यायचं. आणि सांधा पान्याने आवळलेल्या नटबोल्टचा असतो. तो गेला तर गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतो. जर्मन बनावटीचे, एका लांब दांड्याला चटकन तोंडं बदलायचे संच हीही चांगली कल्पना आहे. हलकं दाताळं, पानं ओढायचा पंजा यांना तो दांडा छान चालतो. मात्र त्या दांड्याला तोंड त्याच कंपनीचं लागतं. ते आपल्या गावात मिळतं का, हे आधी विचारा.

आता फांद्यांकडे येऊ. इथे माझं मत जरा कडक आहे.

मातीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते पोलादापेक्षा कठीण असतात. मातीत जाणारी धार म्हणून बोथट होणारच. त्या कामाला ते चालतं, तिथे जाड धारच लागते. फांदीला मात्र पातळ, तासलेली धार हवी. बोथट पात्याने फांदी चिरडते, साल लोंबते, आणि ती जखम भरून येण्याऐवजी कुजते. चांगल्या सिकेटरची, म्हणजे छाटणीच्या कात्रीची, दोन पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात, त्यामुळे काप स्वच्छ येतो. घडीच्या अवजारातल्या कात्रीचं पातं छोटं, खिळा सैल आणि मूठ करवतीच्या पाठीने भरलेली. गुलाबाची कोवळी काडी कापेल. जास्वंदाची अंगठ्याएवढी फांदी नाही.

दुसरं कारण याहून मोठं आहे. सोलापूर-सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना विचारा. तेल्या रोगाने तिथल्या बागाच्या बागा उठवल्या. हा रोग जिवाणूचा. पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो, तसाच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर छाटणीच्या कात्रीबरोबरही जातो. म्हणून जाणता बागायतदार छाटणी करताना कात्री पुन्हा पुन्हा जंतुनाशकात बुडवतो. एवढी काळजी नुसत्या फांद्यांवर चालणाऱ्या कात्रीची. मग जे पातं सकाळी कुजलेल्या मुळांत घातलं, तेच दुपारी गुलाबाच्या ताज्या कापावर चालवायचं का, तुम्हीच ठरवा. छाटणीची कात्री वेगळी ठेवा, तिला मातीचा स्पर्श होऊ देऊ नका आणि रोगट झाड कापल्यावर स्पिरिटने पुसा. यात काटकसर नको.

कोकणातल्या माणसाच्या कमरेची आकडी पाहिली असेल तर हे सगळं न सांगता कळेल. आकडीत कोयता अडकवून तो बाहेर पडतो. त्याच कोयत्याने शहाळं तासतो, वाटेवरच्या बारीक फांद्या तोडतो, जळणाचं लाकूड फोडतो, फणसही चिरतो. बहुउपयोगी म्हणावं ते हेच. पण हापूस उतरवायची वेळ आली की हा माणूस झेला बाहेर काढतो. कारण देठ तुटून चीक फळावर ओघळला तर सालीवर डाग पडतो आणि आंब्याचा भाव जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याचा सगळा भर फळ देठासकट उतरवण्यावर आहे. एकच काम, पण ते कोयत्याला जमणारं नव्हे. आणि कलमं बांधणाऱ्याकडे त्याचा चाकू मागून बघा. देणार नाही. एका बाजूने तासलेली ती धार सुतळी तोडून बिघडवली, तर डोळा आणि खुंट यांचे काप एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि कलम फुकट जातं. म्हणजे सरसकट कामाला एक दणकट अवजार आणि जिथे जिवंत झाडाला जखम करायची तिथे खास वेगळं, ही वाटणी आपल्या लोकांनी फार आधी करून ठेवली आहे.

घडीची अवजारं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, ती वेगळ्या गरजेपोटी जन्मली. १८९१ च्या सुमारास स्विस सैनिकांना जो घडीचा चाकू मिळाला, त्यात पातं, टोच्या, डबा उघडायचं साधन आणि बंदूक खोलायला स्क्रू ड्रायव्हर होता. सैनिकाच्या खिशात चार अवजारं मावत नाहीत, म्हणून ही सोय. तुमच्या गच्चीवर भिंत आहे. तिच्यावर चार खिळे ठोका आणि चार अवजारं टांगा. घडीचं अवजार आधीच घेऊन बसला असाल, तर टाकू नका. गाडीत ठेवा. गावच्या रस्त्यावर वाकडी फांदी आडवी आली, कोणाकडे रोप मिळालं, तर तिथे ते उपयोगी पडेल.

घ्यायचं काय मग? गच्चीवाल्यांनी एक अरुंद एकसंध पातं आणि एक बऱ्यापैकी सिकेटर घ्यावं. सिकेटरवरच पैसे खर्च करा. त्याचं पातं आणि स्प्रिंग सुटे मिळतात का ते विचारा. मिळत असतील तर ती कात्री वर्षानुवर्षं जाते. स्वतःच्या हातात धरून, पूर्ण उघडून पाहा. पंजा लहान असेल तर मोठ्या कात्रीने चार फांद्यांत मनगट भरून येतं. अवजारं बहुतेक पुरुषांच्या पंजाच्या मापाची येतात, खुरपणी मात्र बायकांच्या हातून होते, हा विरोधाभास कारखानदारांना अजून पुरता उमगलेला दिसत नाही. परसबाग असेल तर याच्या जोडीला कुदळ, फावडं आणि घमेलं. गवत वाढत असेल तर विळा. त्यातही दापोलीचाच दातेरी 'वैभव विळा' मिळाला तर बघा, त्याला साध्या विळ्यासारखी सारखी धार लावावी लागत नाही. गुडघे दुखत असतील तर खुरप्याचा हट्ट सोडा आणि लांब दांड्याचं हातकोळपं घ्या. बसून काम करण्याची परंपरा गुडघ्यांपेक्षा मोठी नाही.

दुकानात पातं तपासताना चकाकीकडे बघू नका, मानेकडे बघा. पत्रा दाबून केलेल्या खुरपीची मान पहिल्याच दगडाला वाकते. पातं मुठीत किती खोल गेलंय ते विचारा. दोन रिबिटा दिसत असतील तर बरं. स्टेनलेस पातं गंजत नाही पण एकदा गेलेली धार परत आणायला कष्ट पडतात. साध्या पोलादाचं पातं गंजतं, पण घरच्या कानशीने चार हात मारले की धारेला येतं. आळशी माणसाने स्टेनलेस घ्यावं. बाकीच्यांनी साधं घ्यावं, काम झालं की माती पुसावी आणि पावसाळ्यात पात्याला तेलाचं बोट फिरवावं.

आणि ऑनलाइन मागवण्याआधी एक करून पाहा. गावच्या लोहाराकडे जा, किंवा रस्त्याच्या कडेला भाता लावून बसलेलं घिसाडी कुटुंब शोधा. गाडीच्या जुन्या पाट्यापासून वीतभर लांब, तीन बोटं रुंद, टोकाकडे निमुळतं पातं करायला सांगा. मध्यभागी जरा खोलगट आणि मानेपाशी जाड. पाट्याचं पोलाद चिवट असतं आणि त्याला पाणी नीट दिलं तर कारखान्याच्या मालाला हार जात नाही. मूठ बाभळीची घ्या आणि ती तुमच्या मुठीत धरून मगच ठोकायला सांगा. धार एकाच कडेला ठेवा. दुसऱ्या कडेला दात पाडायला सांगू नका. हातोडी-कानशीने ते एकसारखे होत नाहीत, आणि कुंडीतली मुळं कापायला घरातली पाव कापायची जुनी सुरी पुरते.